स्मृतिभ्रंश झालेल्या ज्येष्ठांसाठीचं ‘डे केअर’ म्हणजे काय? तिथे दिवसभर काय होतं आणि घरच्यांना त्याचा काय उपयोग?

लहान मुलाला पाळणाघरात सोडून आई-बाबा कामाला गेले, तर आज कुणी काही म्हणत नाही. पण विस्मरणाचा आजार झालेल्या सासूबाईंना किंवा वडिलांना दिवसातले सहा तास कुठे सोडायचं म्हटलं, की लगेच प्रश्न येतो, "लोक काय म्हणतील?" पाठोपाठ दुसरा, "घरात माणसं असताना बाहेर कशाला?"

मग बहुतेक घरांत सगळा भार एकाच व्यक्तीवर येतो. ती पत्नी असते, सून असते किंवा जवळ राहणारी मुलगी. आधी तिची नोकरी सुटते, मग झोप, मग बाहेर जाणं-येणं. शेवटी तीच आजारी पडते आणि तेव्हा घरच्यांची धावपळ सुरू होते.

ही वेळ येऊ नये म्हणून जगभर एक सोय वापरली जाते. ती म्हणजे स्मृतिभ्रंश असलेल्यांसाठीचं डे केअर सेंटर. सकाळी जायचं, दिवस तिथे घालवायचा आणि संध्याकाळी आपल्या घरी परत यायचं. भारतातही अशी केंद्रं आहेत, पण मोजकी. ती कशी चालतात, कुणाच्या उपयोगाची असतात आणि निवडताना काय बघायचं, ते समजून घेऊ.

स्मृतिभ्रंश म्हणजे फक्त विसराळूपणा नाही

चष्मा कुठे ठेवला ते विसरणं वयानुसार होऊ शकतं. चष्मा हातात असताना तो कशासाठी असतो हेच न कळणं, ही वेगळी गोष्ट आहे.

स्मृतिभ्रंश किंवा डिमेन्शिया हे एका आजाराचं नाव नाही. मेंदूच्या वेगवेगळ्या आजारांमुळे दिसणाऱ्या लक्षणांचा तो समूह आहे. स्मरणशक्ती, भाषा, निर्णय घेण्याची क्षमता, वेळेचं आणि जागेचं भान यांवर परिणाम होत जातो आणि रोजची कामं एकट्याने करणं अवघड होतं. यातला सर्वात जास्त आढळणारा आजार म्हणजे अल्झायमर. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार स्मृतिभ्रंशाच्या ६० ते ७० टक्के रुग्णांमध्ये अल्झायमर हे कारण असू शकतं.

जगात साडेपाच कोटींहून जास्त लोकांना स्मृतिभ्रंश आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार भारतात साठीच्या पुढच्या ७.४ टक्के लोकांना, म्हणजे साधारण ८८ लाख जणांना तो असावा. पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये आणि शहरांपेक्षा ग्रामीण भागात त्याचं प्रमाण जास्त आढळलं.

बहुतेक प्रकारांमध्ये हा आजार पूर्ण बरा होत नाही. काही औषधांनी लक्षणं काही काळ आटोक्यात राहू शकतात. मात्र काही वेळा जीवनसत्त्व बी-१२ ची कमतरता, थायरॉईडचा त्रास किंवा नैराश्य यांमुळेही अशीच लक्षणं दिसतात आणि त्यांवर उपचार होतात. त्यामुळे "वय झालं, चालायचंच" असं म्हणण्याआधी डॉक्टरकडून तपासणी करून घेणं गरजेचं.

डे केअर म्हणजे नेमकं काय?

अनेकांचा इथेच गोंधळ होतो. आपल्याकडे ज्येष्ठांसाठी वेगवेगळ्या सोयी आहेत आणि त्या सगळ्या एकसारख्या नाहीत.

• विरंगुळा केंद्र किंवा ज्येष्ठ नागरिक संघ: स्वतःहून येऊ-जाऊ शकणाऱ्या ज्येष्ठांसाठी. इथे देखरेख करणारं कुणी नसतं.
• वृद्धाश्रम: राहण्या-जेवण्याची सोय. अनेक वृद्धाश्रम स्मृतिभ्रंश असलेल्यांना प्रवेश देत नाहीत.
• ब्युरोची मावशी किंवा अटेंडंट: घरी येऊन काळजी घेतात. स्मृतिभ्रंशाचं प्रशिक्षण प्रत्येकाला असतंच असं नाही.
• स्मृतिभ्रंश डे केअर: प्रशिक्षित माणसांच्या देखरेखीखाली ठरलेला दिनक्रम. रात्री मुक्काम नसतो.

थोडक्यात, डे केअरला पाठवणं म्हणजे माणसाला घराबाहेर काढणं नव्हे. त्याला शक्य तितके दिवस स्वतःच्या घरात राहता यावं, म्हणून केलेली ती व्यवस्था आहे.

ही कल्पना आली कुठून?

ब्रिटनमध्ये डॉ. लायोनेल कोसिन यांनी १९५० च्या दशकात ऑक्सफर्डच्या काउली रोड हॉस्पिटलमध्ये वृद्धांसाठी डे हॉस्पिटल सुरू केलं. विचार सरळ होता. वृद्ध माणसाला महिनोन्महिने खाटेवर ठेवण्यापेक्षा दिवसा बोलवावं, उपचार आणि व्यायाम द्यावेत आणि रात्री घरी पाठवावं.

अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाऊन भागात १९७१ मध्ये ‘ऑन लॉक’ ही संस्था उभी राहिली आणि १९७३ मध्ये तिने वृद्धांसाठी डे सेंटर सुरू केलं. तिथल्या स्थलांतरित कुटुंबांना आई-वडिलांना नर्सिंग होममध्ये ठेवायचं नव्हतं. परकी भाषा आणि परकं जेवण ही त्यांची मोठी अडचण होती. ऑन लॉकच्या कामातूनच पुढे अमेरिकेत सरकारी खर्चाने चालणारी देखभाल योजना आकाराला आली.

जपानने तर हा विषय विम्यातच आणला. एप्रिल २००० पासून तिथे दीर्घकालीन देखभाल विमा सुरू आहे. चाळिशीनंतर प्रत्येकाला त्याचा हप्ता भरावा लागतो. गरज पडली की डे सर्व्हिसच्या खर्चातला १० ते ३० टक्के भाग स्वतः द्यायचा, उरलेला विम्यातून मिळतो. सकाळी केंद्राची गाडी दाराशी येऊन आजी-आजोबांना घेऊन जाते, हे तिथे रोजचं दृश्य आहे.

दिवसभर तिथे काय होतं?

प्रत्येक केंद्राचं वेळापत्रक वेगळं असतं, पण साचा साधारण सारखा असतो.

सकाळी आल्यावर चहा आणि गरजेप्रमाणे रक्तदाब, साखर यांची तपासणी. मग आज वार कोणता, सण कोणता, बाहेर ऊन आहे की पाऊस, अशा गप्पा. ही परीक्षा नसते. चुकलं तरी कुणी दुरुस्त करत बसत नाही. वर्तमानपत्रातल्या बातम्या मोठ्याने वाचल्या जातात. खुर्चीत बसून करायचे व्यायाम होतात.

त्यानंतर हाताला काम. मटार सोलणं, मेथी निवडणं, फुलांचा हार करणं, कपड्यांच्या घड्या घालणं, रांगोळीत रंग भरणं. काही जण कॅरम किंवा पत्ते खेळतात. ही कामं मुद्दाम निवडलेली असतात. नवीन गोष्ट लक्षात ठेवणं अवघड झालं, तरी वर्षानुवर्षं हातांनी केलेली कामं बरीच उशिरापर्यंत जमतात. जी बाई आज नातवाचं नाव विसरते, तिचे हात मेथीची जुडी मात्र सराईतपणे निवडतात.

जुन्या गाण्यांचंही असंच. ओळखीच्या चालीची आठवण तुलनेने जास्त काळ टिकते. म्हणून भजनं, भावगीतं, नाट्यपदं हा दिनक्रमाचा महत्त्वाचा भाग असतो.

दुपारी जेवण, औषधं, थोडा आराम. ठरावीक वेळाने शौचालयात नेलं जातं, म्हणजे कपडे खराब होऊन माणसाला लाजल्यासारखं होत नाही. संध्याकाळी अनेक रुग्णांची बेचैनी वाढते. "मला घरी जायचंय" असा हट्ट स्वतःच्या घरात बसूनही सुरू होतो. याला सनडाऊनिंग म्हणतात. त्यामुळे दिवेलागणीच्या आत घरी पोहोचता येईल अशी केंद्राची वेळ सोयीची ठरते.

काही केंद्रांत कॉग्निटिव्ह स्टिम्युलेशन थेरपी, म्हणजे मेंदूला चालना देणारी गटसत्रंही घेतात. ब्रिटनमध्ये तयार झालेल्या या पद्धतीत सात आठवड्यांत १४ सत्रं होतात. सौम्य ते मध्यम टप्प्यातल्या रुग्णांसाठी तिथली आरोग्य यंत्रणा ती सुचवते. चेन्नईच्या ‘स्कार्फ’ या संस्थेतल्या संशोधकांनी ती तमिळ भाषकांसाठी बदलून घेतली आहे.

"संध्याकाळी काही आठवतच नाही, मग उपयोग काय?"

अनेक घरांत हा प्रश्न येतो. आजोबा दिवसभर गाणी म्हणतात, हसतात. घरी आल्यावर विचारलं तर म्हणतात, "मी कुठे गेलोच नव्हतो."

अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये याबद्दल एक महत्त्वाचा अभ्यास प्रसिद्ध केला. अल्झायमर असलेल्या लोकांना आनंदी आणि दुःखी प्रसंगांच्या चित्रफिती दाखवल्या. थोड्याच वेळात त्यांना त्यातलं फारसं काही आठवेना. पण चित्रफिती पाहून मनात आलेला आनंद किंवा उदासी मात्र नंतरही टिकून होती.

म्हणजे प्रसंग पुसला जातो, भावना मागे राहते. चांगला गेलेला दिवस आठवला नाही, तरी तो वाया जात नाही. आणि हे उलटही खरं आहे. सकाळी कुणी रागावलं, ते आजोबा विसरतील. पण वाईट वाटणं मागे राहू शकतं.

काळजी घेणाऱ्यांचं काय?

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते स्मृतिभ्रंश असलेल्यांना मिळणाऱ्या घरगुती काळजीचे ७० टक्के तास स्त्रिया देतात. या कामाचा पगार नसतो आणि सुट्टीही नसते. तेच प्रश्न दिवसातून पन्नास वेळा ऐकायचे, रात्री तीनदा उठायचं, दाराला आतून कुलूप लावायचं आणि "माझे दागिने तूच चोरलेस" हेही ऐकून घ्यायचं.

क्षणभर नजर हटली तरी काय होऊ शकतं, हे सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’ या मराठी चित्रपटात दिसतं. डॉ. मोहन आगाशे यांनी साकारलेले संस्कृतचे विद्वान शास्त्री अल्झायमरने ग्रासलेले असतात. मुलगी त्यांना थोडा वेळ गाडीत ठेवून जाते आणि ते एका हत्तीच्या मागे निघून जातात. अशी वेळ अनेक घरांवर आलेली असते.

अमेरिकेतले संशोधक स्टीव्हन झारिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात डे केअर वापरणाऱ्या आणि न वापरणाऱ्या कुटुंबांची तुलना केली. आठवड्यातून किमान दोन दिवस ही सोय वापरणाऱ्यांचा ताण तीन महिन्यांनी कमी झालेला दिसला आणि वर्षभरानंतरही तो फरक टिकून होता. २०१४ च्या अभ्यासात याच गटाने काळजी घेणाऱ्यांच्या लाळेचे नमुने तपासले. डे केअरच्या दुसऱ्या दिवशी, ताणाचे परिणाम सौम्य करणाऱ्या डीएचईए-एस या संप्रेरकाचं प्रमाण जास्त आढळलं. २००७ मधल्या आणखी एका अभ्यासात डे केअरला जाणाऱ्या रुग्णांचा रात्रीच्या झोपेचा त्रास कमी दिसला. रुग्ण झोपला, की घरही झोपतं.

या सोयीच्या मर्यादाही आहेत

डे केअरमुळे आजार थांबत नाही. कायमस्वरूपी संस्थेत ठेवण्याची वेळ त्यामुळे पुढे ढकलली जाते का, याबद्दल अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. अंथरुणाला खिळलेल्या, सतत वैद्यकीय देखरेख लागणाऱ्या किंवा खूप आक्रमक होणाऱ्या रुग्णांना बहुतेक केंद्रं घेत नाहीत. पायऱ्या उतरून गाडीत बसणं, ट्रॅफिकमधून जाणं हेच काहींना झेपत नाही.

खर्चाचाही प्रश्न आहे. आरोग्य विमा सहसा रुग्णालयात दाखल झाल्यावर कामी येतो, त्यामुळे डे केअरची फी घरच्यांनाच भरावी लागते. ७० वर्षांवरच्या सर्वांना लागू झालेल्या आयुष्मान भारत योजनेचा भरही रुग्णालयातल्या उपचारांवर आहे.

भारतात आणि महाराष्ट्रात काय स्थिती आहे?

भारतात या विषयावर संघटित काम सुरू झालं ते केरळमधून. डॉ. जेकब रॉय यांच्या पुढाकाराने १९९२ मध्ये ‘अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया’, म्हणजे एआरडीएसआय ही संस्था स्थापन झाली. आज तिच्या देशभर शाखा आहेत. केरळ सरकारने २०१४ मध्ये याच संस्थेसोबत राज्य पातळीवर स्मृतिभ्रंशासाठी उपक्रम हाती घेतला. त्यात डे केअरचाही समावेश होता. बंगळुरूमध्ये नाइटिंगेल्स मेडिकल ट्रस्ट आणि मुंबईत डिग्निटी फाउंडेशन या संस्थांनी स्मृतिभ्रंशासाठी डे केअर चालवलं आहे.

महाराष्ट्रात अशा सोयी मुख्यतः मुंबई, पुणे अशा मोठ्या शहरांत आहेत. ग्रामीण भागात आजाराचं प्रमाण जास्त आणि सोयी जवळपास शून्य, अशी उलटी परिस्थिती आहे. तरुण मुलं शहरात किंवा परदेशात, गावात दोघंच म्हातारी माणसं आणि त्यातल्या एकाला स्मृतिभ्रंश, अशा घरांसाठी अजून फारसं काही उभं राहिलेलं नाही.

केंद्र निवडताना काय बघाल?

प्रत्यक्ष जाऊन, शक्यतो न कळवता, दुपारच्या वेळी केंद्र बघा. सकाळी सगळं नीटनेटकं असतं. दुपारी खरं चित्र दिसतं.

• किती जणांमागे एक कर्मचारी आहे? अमेरिकेतल्या डे सेंटर संघटनेची शिफारस सहा जणांमागे किमान एक अशी आहे. आजार पुढच्या टप्प्यात असेल तर जास्त माणसं लागतात.
• मुख्य दारावर लक्ष कोण ठेवतं? कुणी नकळत बाहेर जाऊ शकेल का?
• शौचालय जवळ आहे का? धरायला दांडे आहेत का? फरशी घसरडी नाही ना?
• कर्मचारी मराठी बोलतात का? आजार वाढतो तशी नंतर शिकलेली भाषा अनेकदा आधी मागे पडते आणि मातृभाषा जास्त टिकते.
• कुणी चिडलं, रडलं तर काय करतात? उत्तरात बांधून ठेवणं किंवा झोपेच्या गोळ्या आल्या, तर ते केंद्र टाळा.
• अचानक तब्येत बिघडली तर कोणत्या रुग्णालयात नेतात?
• गाडीची सोय आहे का? तिचे पैसे वेगळे आहेत का?
• आधी दोन-तीन दिवस येऊन बघता येतं का?

सोबत निदानाचे कागद, चालू औषधांची यादी आणि दोन नातेवाइकांचे फोन नंबर द्या. त्यांची माहितीही लिहून द्या. कोणत्या नावाने हाक मारलेली आवडते, काय काम करायचे, कोणती गाणी आवडतात, कशाची भीती वाटते. नोकरीभर ‘गुरुजी’ म्हणवून घेतलेल्या माणसाला ‘अंकल’ अशी हाक आपली वाटत नाही.

सुरुवात कधी आणि कशी करावी?

बहुतेक घरं हात टेकल्यावर डे केअर शोधायला लागतात. तोवर आजार पुढे गेलेला असतो आणि नवीन जागेशी, नवीन माणसांशी जुळवून घेणं कठीण झालेलं असतं. सौम्य किंवा मध्यम टप्प्यात सुरुवात केली, तर ती जागा ओळखीची व्हायला वेळ मिळतो.

सुरुवातीला आठवड्यातले दोन दिवस पुरेत. वार आणि वेळ ठरलेली असू द्या. पहिले काही दिवस घरातलं कुणीतरी सोबत थांबलं तर बरं. आदल्या दिवसापासून लांबलचक समजावत बसू नका, त्याने काळजीच वाढते. "चला, तिथे भजन आहे," एवढं सांगणं पुरतं. "मी येणार नाही" म्हटल्यावर वाद घालू नका. दहा मिनिटांनी पुन्हा विचारा. पहिल्या दोन आठवड्यांत रडणं, नकार, चिडचिड होऊ शकते. एवढ्यावरून लगेच बंद करू नका. पण महिनाभरानंतरही त्रास तसाच राहिला, वजन घटलं किंवा अंगावर खुणा दिसल्या, तर मात्र केंद्राला जाब विचारा आणि गरज पडल्यास केंद्र बदला.

मिळालेल्या सहा तासांत काय करायचं, हेही ठरवा. सगळा वेळ घरकामात गेला तर विश्रांती मिळत नाही. झोपा, स्वतःची रखडलेली तपासणी करून घ्या, मैत्रिणीला भेटा.

जवळ केंद्रच नसेल तर?

डे केअरमधल्या बऱ्याच गोष्टी घरी करता येतात. उठणं, आंघोळ, जेवण, फिरणं यांच्या वेळा ठरवा. रोज एक हाताचं काम आणि एक गाण्यांचा तास ठेवा. खिशात नाव आणि फोन नंबर असलेलं कार्ड ठेवा. इमारतीतला वॉचमन, कोपऱ्यावरचा दुकानदार, शेजारी यांना आजाराची कल्पना द्या. लपवलं, तर गरजेच्या वेळी मदत मिळत नाही.

भावंडांनी आठवड्यातले तास लिहून वाटून घ्यावेत. जो लांब राहतो त्याने ब्युरोच्या मावशींचा खर्च उचलावा. "काही लागलं तर सांग" यापेक्षा "दर रविवारी मी येतो" याचा उपयोग जास्त होतो. आजाराच्या सुरुवातीच्या टप्प्यात, सोबत कुणी असेल तर, जवळच्या विरंगुळा केंद्रातही जाता येतं.

ज्येष्ठांसाठीच्या सोयींची माहिती केंद्र सरकारच्या एल्डरलाइन हेल्पलाइनवर, १४५६७ या क्रमांकावर मिळते. काळजी घेताना स्वतःलाच असह्य होत असेल, तर टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर २४ तास बोलता येतं. दोन्ही सेवा मोफत आहेत.

आणि घरात कुणी डे केअरचा विषय काढला, तर "टाकून देताय का?" असं विचारण्याआधी एक गोष्ट बघा. रात्री उठून दार कोण तपासतं आणि त्या व्यक्तीला शेवटची सुट्टी कधी मिळाली होती?